कौलांखालचा व्हॉइस-ओव्हर बूथ : कोणता माल घ्यावा, कोणता दुकानातच राहू द्यावा

‘साउंडप्रूफ फोम’ असं छापलेलं पाकीट उघडलं की आतून पिरॅमिडच्या आकाराचे काळे मऊ तुकडे निघतात. बारा तुकडे, फूट बाय फूट, जाडी एक इंच, आणि सगळ्यांचं मिळून वजन किलोभरही नाही. एवढ्या वजनाने शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी अडत नाही, मग आषाढातली सर कुठून अडणार? माल वाईट नाही, नाव खोटं आहे. आवाज अडवणं आणि आवाज शोषणं ही दोन वेगळी कामं. अडवायला वजन आणि हवाबंदपणा लागतो, शोषायला तंतू आणि जाडी. एकाच वस्तूने दोन्ही होत नाही. बूथच्या सामानात पैसे वाया जातात ते बहुतेक या गल्लतीपायीच.

खालचा आढावा रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या चिऱ्याच्या, कौलारू किंवा पत्र्याच्या घरात बूथ उभारणाऱ्यांसाठी आहे. शहरातल्या फ्लॅटचं गणित निराळं. तिथे वरच्या मजल्यावरची पावलं छळतात, इथे छप्पर छळतं. शिवाय वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस, खारी हवा आणि वाळवी या तिघांची परवानगी घेतल्याशिवाय इथे कुठलाही माल टिकत नाही. परदेशी व्हिडिओत दाखवलेली पाइनची चौकट आणि साधा जिप्सम बोर्ड इथे दोन पावसाळ्यांत काय होतो, हे कोणताही सुतार सांगेल.

आधी गज ठरवू. ऑडिओबुकसाठी एसीएक्सच्या (ऑडिबलचं ऑडिओबुक बनवण्याचं व्यासपीठ) अटी सर्वत्र मोजपट्टीसारख्या वापरल्या जातात. आकडे रेकॉर्डिंगच्या कमाल पातळीपासून खाली मोजायचे : सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, शिखर उणे ३ च्या वर नाही, आणि कोणी बोलत नसताना उरणारी खरखर उणे ६० किंवा त्याहून खाली. बोलणं उणे २० वर आणि खरखर उणे ६० वर, म्हणजे दोहोंत ४० डेसिबलचं अंतर. माइकपासून वीतभर अंतरावर साधं वाचन ७० ते ७५ डेसिबल भरतं असं धरलं, तर बूथच्या आतली शांतता ३० ते ३५ च्या खाली हवी. पत्र्यावर सर कोसळत असताना खोलीत ७० च्या वर आवाज सहज असतो. म्हणजे भिंत, दार, झाकण आणि हवेची वाट या सगळ्यांनी मिळून चाळीसेक डेसिबल खायला हवेत. हा आकडा डोक्यात ठेवून दुकानात गेलं की निम्मा माल आपोआप बाद होतो.

जागा निवडताना पडवी आणि माळा विसरा. माळा तर सर्वांत वाईट, कारण कौलं हाताच्या अंतरावर आणि खालची फळी ढोलासारखी वाजणारी. माजघर किंवा त्याला लागून असलेली बिनखिडकीची काळोखी खोली उत्तम. चिऱ्याची जाड भिंत दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली असेल तर आवाज अडवण्यात ती कुठल्याही विकत मिळणाऱ्या पॅनेलच्या पुढे आहे. गिलावा नसेल तर चिऱ्याच्या भोकांतून आणि सांध्यांतून आवाज झिरपतो, तेव्हा आधी गवंडी बोलवा, मग बाकीचं. पण एक गोष्ट विसरू नका. कौलारू घरात आतल्या भिंती बऱ्याचदा आढ्यापर्यंत जात नाहीत. स्वयंपाकघरातला मिक्सर भिंतीतून नाही, भिंतीवरून येतो. त्यामुळे खोली कितीही चांगली असली तरी बूथला स्वतःचं झाकण लागतंच, आणि ते भिंतीइतकंच जड लागतं.

माप काय घ्यावं? कवचाचं आतलं माप ५ बाय ६.५ फूट आणि उंची ७.५ फूट हे बसून वाचणाऱ्यासाठी पुरेसं आहे. ५ बाय ५ चा चौरस करू नका. दोन समोरासमोरच्या भिंतींत आवाज मागे-पुढे होऊन एका ठरावीक स्वराला फुगवतो. ५ फुटांत तो स्वर सुमारे ११३ हर्ट्झवर पडतो, ६.५ फुटांत ८७ वर, ७.५ फुटांत ७५ वर. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण ८५ ते १५५ हर्ट्झमध्ये असतो. चौरस बूथमध्ये दोन्ही जोड्या एकाच स्वरावर येऊन बसतात आणि मग तो ‘डब्यातला’ आवाज येतो, जो पुढे कितीही इक्वलायझर फिरवला तरी जात नाही.

आता माल.

एक इंची फोम : वर म्हटलं तसं अडवण्याचं काम शून्य. शोषण्याचं काम अर्धवट, आणि हेच जास्त त्रासदायक. इंचभर फोम साधारण हजार-दीड हजार हर्ट्झच्या वरचा आवाज खातो आणि खालचा तसाच सोडतो. ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार जाते, ‘म’, ‘ब’, ‘भ’ घुमत राहतात. ऐकणाऱ्याला वाटतं वाचणारा घोंगडी पांघरून बोलतोय. चार भिंती या फोमने मढवलेला छोटा बूथ रिकाम्या खोलीपेक्षाही वाईट वाजू शकतो. दमट हवेत स्वस्त फोम पिवळा पडतो, चुरा होतो आणि चिकटपट्टीसकट गळून पडतो. शिवाय आग. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये २००३ च्या फेब्रुवारीत ‘द स्टेशन’ नावाच्या नाइटक्लबमध्ये स्टेजभोवती लावलेल्या पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला आणि १०० माणसं गेली. बिनखिडकीच्या, एका दाराच्या पेटीत असा फोम छतापर्यंत लावणं हा वाईट सौदा आहे. घ्यायचाच असेल तर किमान दोन इंची, अग्निरोधक चाचणीचा कागद दाखवणाऱ्या विक्रेत्याकडून, आणि तोही चार-सहा तुकडेच.

अंड्यांचे ट्रे अंड्यांसाठी ठेवा. पातळ पुठ्ठा, वजन नाही, जाडी नाही, झुरळांची सोय मात्र उत्तम.

कोकणात आणखी एक खास चूक होते. मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये वापरतात ती पफ पॅनेल जुन्या भावात मिळतात आणि जाडजूड दिसतात, म्हणून बूथच्या भिंतीला लावली जातात. पफ उष्णता अडवतो, आवाज नाही. त्याचे बुडबुडे बंद असतात, त्यामुळे आवाज आत शिरून जिरत नाही, आणि वजनाला तो हलका. दोन्ही बाजूंच्या पातळ पत्र्यामुळे उलट एक स्वर पकडून वाजतो. थर्माकोलचंही तेच. बर्फासाठी चांगलं, बूथसाठी नाही.

मास लोडेड व्हिनाइल, म्हणजे वजन भरलेली लवचीक प्लॅस्टिकची चादर, दुकानदारांच्या भाषेत एमएलव्ही : हा खरा माल आहे, भाव मात्र डोळे पांढरे करणारा. नेहमीच्या प्रतीचं वजन चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास. साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड चौरस मीटरला साधारण नऊ किलो भरतो. एमएलव्हीचा रोल घेण्याआधी दोन्हींचा भाव किलोवर काढून बघा, पुढे बोलायला नको. त्याचा एकच खरा गुण म्हणजे तो लवचीक आहे. दाराच्या पाठीला, हवेच्या नळीभोवती, जिथे बोर्ड वळत नाही तिथे तो घ्या. अख्ख्या भिंतीला लावणं म्हणजे पैसे उतू जाणं.

मग भिंत कशाची? फॉल्स सीलिंगवाल्याच्या गोदामातल्या मालाची. ५० किंवा ७५ मिलिमीटरचे जीआय स्टड, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचे उभे खांब, दोन-दोन फुटांवर, आतल्या बाजूने दोन थर जिप्सम बोर्ड, बाहेरून एक थर ८ मिलिमीटरचा सिमेंट फायबर बोर्ड, मधल्या पोकळीत रॉकवुल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर. लाकडी चौकटीपेक्षा पातळ जीआय स्टड इथे दोन कारणांनी सरस : तो थोडा लवतो म्हणून एका बाजूचं कंपन दुसऱ्या बाजूला कमी देतो, आणि वाळवी त्याला लागत नाही. जिप्सम बोर्ड घेताना हिरव्या कागदाचा, ओलरोधक प्रतीचा घ्या. साधा पांढरा बोर्ड श्रावणापर्यंत खाली झोल देतो आणि पाठीला बुरशी धरतो. बाहेरून सिमेंट बोर्ड यासाठी की तो ओल आणि वाळवी दोन्ही सोसतो आणि त्याचं वजन जिप्समच्या थोडं वरच आहे. असली भिंत प्रयोगशाळेत ४५ ते ५० डेसिबलचा आकडा दाखवते. घरच्या कामात, दार आणि हवेची वाट धरून, ३५ ते ४० मिळाले तरी सुताराला चहा पाजा.

लागणारा माल असा बसतो. चार भिंती आणि झाकण मिळून सुमारे २०५ चौरस फूट, दार वजा करून १९०. जिप्समचे दोन थर म्हणजे ३८० चौरस फूट. सहा बाय चारचा एक बोर्ड २४ चौरस फुटांचा, म्हणजे १६ बोर्ड, तुकडे-कापणी धरून १८. सिमेंट बोर्ड बाहेरच्या वाढीव मापासह २१० ते २२० चौरस फूट. पोकळीसाठी रॉकवुल १९० चौरस फूट आणि आतून लावायला आणखी १४०. कापणीत थोडं जातं, म्हणून ३६० मागवा. सगळ्याचं वजन अर्ध्या टनाच्या वर जातं. जमिनीवरच्या कोब्याला किंवा फरशीला ते काहीच नाही, लाकडी तक्तपोशीवर मात्र याचा विचारही करू नका.

उभारणीत चुकतं ते तळाशी. स्टड ज्यात उभे राहतात तो पत्र्याचा ट्रॅक थेट फरशीवर ठोकला की पावसाळ्यात जमिनीची ओल बोर्डात चढते. ट्रॅकखाली जाड प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर निओप्रीन किंवा रबराची पट्टी, मग ट्रॅक. बोर्ड फरशीपासून सेंटिमीटरभर वर थांबवायचा आणि ती फट न सुकणाऱ्या अकूस्टिक सीलंटने भरायची. पहिल्या थराचे सांधे आणि दुसऱ्या थराचे सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. पहिल्या थराला २५ मिलिमीटरचे स्क्रू, दुसऱ्याला ३८ चे, आणि ते काळे नेहमीचे नव्हे. खाऱ्या हवेत काळे स्क्रू गंजून डोकी सोडतात. झिंक चढवलेले घ्या, समुद्र हाकेच्या अंतरावर असेल तर स्टेनलेस. सिमेंट बोर्डाला मात्र आधी भोक पाडून मगच स्क्रू, नाहीतर कोपरे उडतात. बूथ आणि घराची भिंत यांत चारही बाजूंनी निदान दोन इंच मोकळं सोडा, कुठेही टेकू देऊ नका. एक स्क्रू जरी चिऱ्यात शिरला तरी तो घंटेच्या दोरीचं काम करतो.

झाकणात कंजूषी नको. जोइस्ट पाच फुटांच्या बाजूने टाका, खालून दोन थर, वरून एक, मध्ये वुल. वर प्लॅस्टिकचा कागद पसरून ठेवा, कारण कौल सरकून थेंब पडायचाच आणि भिजलेलं वुल वर्षभर वाळत नाही. घराचं छप्पर पत्र्याचं असेल तर पावसाचा मार हा आघाताचा आवाज आहे. तो पत्र्याच्या खालून काहीही चिकटवून पूर्ण जात नाही. पत्र्याखाली वुल आणि बोर्डाचं वेगळं सीलिंग केलं तर बूथचं ओझं बरंच हलकं होतं. तरीही मुसळधारेत खालच्या पट्टीतली गुरगुर थोडी उरणारच. असल्या वेळी वाचायला बसायचं नाही, सर ओसरायची वाट बघायची. आणि थेट छपराला बूथ लटकवणं कधीच नाही.

रॉकवुल की ग्लासवुल? पोकळीत दोन्ही चालतात. आतल्या उघड्या पॅनेलसाठी घनमीटरला ४८ ते ६४ किलो घनतेचं, ५० मिलिमीटर जाडीचं रॉकवुल घ्यावं असं आमचं मत आहे, कारण ते चौकटीत ताठ उभं राहतं, दमट हवेत खाली बसत नाही. बंधित खनिज वुलासाठी आयएस ८१८३ हे मानक आहे, पाकिटावर ते आणि घनता दोन्ही छापलेलं बघा. संगीताच्या दुकानात हा माल शोधू नका. लोटे-परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतीत वाफेच्या नळ्यांना आणि बॉयलरला जे इन्सुलेशन करतात, त्यांच्या कामाचा हा रोजचा माल. वुल कापताना हातमोजे, पूर्ण बाह्या, डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क. खाज दोन दिवस जात नाही.

आतली पॅनेल भिंतीला चिकटवू नका. ५० मिलिमीटर वुल आणि त्यामागे ५० मिलिमीटर हवा ठेवली की तेच वुल खालच्या स्वरांवर बरंच चांगलं काम करतं, आणि मागे हवा खेळल्याने बुरशीही कमी. ही फुकटची सुधारणा आहे आणि दहापैकी नऊ बूथमध्ये ती केलेली नसते. सर्वांत आधी वाचणाऱ्याच्या पाठीमागची भिंत झाका. माइक तिकडेच तोंड करून असतो. मग डोक्यावर, मग दोन्ही कुशी. कोपऱ्यांत जाडी दुप्पट करा. जमीन मोकळी राहिली तरी चालते, एक जाड रबरी मॅट पुरे. वर कापड लावताना तोंडाजवळ धरून फुंकर मारा. वारा पलीकडे गेला तर कापड चांगलं. गोणपाट दिसायला छान, पण पावसाळ्यात त्याला वास सुटतो. पॉलिएस्टरचं स्पीकरचं कापड बरं.

इथे एक शब्द गोधडी आणि काथ्याबद्दल. जुन्या लुगड्यांची जाड वाकळ दुहेरी करून भिंतीपासून चार इंच सोडून टांगली तर वरच्या आणि मधल्या पट्टीवर ती एक इंची फोमला सहज हरवते. खर्च शून्य. उन्हं पडली की वाळत घाला, एवढंच पथ्य. काथ्याची गादी मात्र अपेक्षेइतकी चालत नाही. काथ्याचा तंतू रॉकवुलच्या तंतूपेक्षा कितीतरी जाडा असतो, त्यामुळे हवा विनासायास आरपार जाते आणि आवाज कमी जिरतो. तेवढाच परिणाम हवा असेल तर जाडी बरीच वाढवावी लागते.

तयार मिळणारी माइकमागची अर्धगोल ढाल : माइकच्या पाठीला लावून माइकच्या तोंडासमोरची भिंत विसरायला लावणारी वस्तू. कार्डिऑइड माइक पाठीमागून तसाही कमी ऐकतो. पैसे वाचवा. पाइपच्या चौकटीवर रजया टांगलेले तयार तंबू-बूथ शोषण्याच्या कामात ठीक आहेत, रातकिडे आणि पाऊस अडवण्यात जवळजवळ निरुपयोगी. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने, रात्री उशिरा, मे महिन्यात काम करायचं असेल तर घ्यावा.

दार

सगळा बूथ इथे हरतो. साधा हिशोब मांडू. दार अडीच बाय साडेसहा फूट. खाली पाच मिलिमीटरची फट राहिली तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या पाव टक्का होते. पाव टक्का उघडं असलं की दार शिशाचं केलं तरी २६ डेसिबलच्या पुढे जात नाही. एक टक्का उघडं असेल तर २० ला थांबतं. म्हणून पैसे दारातल्या लाकडापेक्षा त्याच्या कडांवर घालवा.

३५ मिलिमीटरचं भरीव फ्लश डोअर घ्या. ते पोकळ नाही ना, हे बोटाने ठोकून बघा. बाहेरच्या अंगाला आणखी एक १८ मिलिमीटरचा प्लाय, दोहोंमध्ये एमएलव्ही. हीच ती जागा जिथे त्याचे पैसे वसूल होतात. प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्रतीचा. आयएस ३०३ चा स्वस्त पडतो, पण कोकणात कडा फुगतात. चौकटीला तीन बाजूंनी ईपीडीएम रबराची पोकळ पट्टी, दोन ओळींत, आणि खाली दार लावल्यावर आपोआप खाली उतरणारी सील. स्पंजाची चिकट पट्टी घेऊ नका, वर्षभरात ती चपटी होऊन जाते.

आणि हे फक्त इथलं : लाकडी दार जुलैत फुगतं आणि एप्रिलमध्ये आकसतं. एप्रिलमध्ये नेमकं बसवलेलं दार जुलैत लागत नाही, मग सुतार रंधा मारतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात फट. दार बसवताना चौकटीशी तीन-चार मिलिमीटर मोकळं सोडा आणि तेवढं दबून-फुगून घेणारी जाड पट्टी लावा. दाराला सहाही बाजूंनी रंग किंवा पॉलिश हवं. वरची आणि खालची कड रंगवायची राहते आणि ओल तिथूनच शिरते. बिजागऱ्या तीन नाही, चार. असं दार पन्नासेक किलोंचं होतं.

काम झालं की रात्री घरातले दिवे बंद करून बूथच्या आत एक झगझगीत दिवा लावा आणि बाहेरून फिरून बघा. जिथून उजेड दिसेल तिथून रातकिडा आत येईल. रातकिड्यांचा आणि झाडांवरच्या किड्यांचा आवाज चार हजार हर्ट्झच्या आसपास आणि वर असतो. तो जड भिंतीला सहज शरण येतो, पण केसाएवढ्या फटीतून सुखाने घुसतो. शिमग्यातला ढोल याच्या नेमका उलटा. त्याला फट लागत नाही, तो भिंतच हलवतो. पालखी दारात असताना घरगुती बूथमध्ये रेकॉर्डिंग होत नाही, हे क्लायंटला आधीच सांगून ठेवावं.

हवा

हवाबंद पेटीत माणूस बसला की काय होतं ते आकड्यांत बघा. आपल्या बूथचं आकारमान सुमारे सात घनमीटर. बसलेला माणूस तासाला १८ लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. तासाभरात आतली पातळी ४२० पीपीएमवरून (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) ३००० च्या घरात जाते. जांभया येतात, वाचनात चुका वाढतात आणि वाचणारा कंटाळ्याला दोष देतो.

कार्बन डायऑक्साइडपुरतं बघितलं तर १५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा पुरते, म्हणून बरेच जण चार इंची छोटा पंखा लावून मोकळे होतात. पण उष्णतेचा हिशोब वेगळा. माणूस साधारण १०० वॅट उष्णता टाकतो, आणि वुलाने गुंडाळलेल्या पेटीतून ती बाहेर जात नाही. १५ सीएफएमने ती नेली तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा-बारा अंशांनी तापायला बघते. ५० सीएफएमला हा फरक साडेतीन अंशांवर येतो. आता तीच ५० सीएफएम चार इंची नळीतून ढकलली तर वेग सेकंदाला तीन मीटर होतो आणि नळी फुसफुसते. सहा इंची नळीत तो सव्वा मीटरच्या आसपास राहतो आणि ऐकू येत नाही. म्हणजे मोठी नळी आणि हळू पंखा. पंखा बूथवर नाही, दूर, रबरावर टेकवून.

नळी सरळ आत आणली तर भिंतीत सहा इंची भोक पाडल्यासारखंच. येणाऱ्या आणि जाणाऱ्या अशा दोन्ही वाटांवर प्लायची आडवळणाची पेटी बसवा : लांबी तीन-चार फूट, आत तीन वळणं, चारही अंगांना एक इंची वुल आणि वर कापड, वुल लावून उरलेली वाट सहा इंची नळीपेक्षा अरुंद नको. हवा आत घ्यायची ती माजघरातली, पडवीतली नाही. पडवीतल्या हवेबरोबर ओल, चुलीचा धूर आणि बेडूक तिन्ही येतात. खोलीत स्प्लिट एसी असेल तर आधी खोली गार करून रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद ठेवा.

काम संपलं की दार उघडं टाका. पावसाळ्यात बंद ठेवलेला बूथ आठवड्यात कुबट होतो. डीह्युमिडिफायर घेणं इथे चैन नाही. बूथमध्ये ठेवण्यापेक्षा खोलीत ठेवा आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली धरा.

वीज आणि माइक यांच्यावर थोडक्यात. बोर्डाच्या भिंतीत खाचा पाडून स्विचची पेटी बसवू नका, वरून केसिंग टाका. दिव्याचा ड्रायव्हर बाहेर ठेवा, डिमर नको. लाईट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी, भणभणतो. त्या वेळी लॅपटॉप चार्जरशिवाय चालवा, इंटरफेसला वीज लॅपटॉपमधूनच द्या.

माइकमध्ये रोड एनटी१ ची स्वतःची खरखर ४.५ डेसिबल, इतकी कमी की बूथ चांगला असेल तर त्याच्यासारखा सौदा नाही. पण बूथ कच्चा असेल तर तोच माइक शेजारच्या विहिरीवरचा पंपही निष्ठेने टिपतो. शुअर एसएम७बी डायनॅमिक आहे. दमटपणाला दाद देत नाही, मात्र त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन (आवाजाची वाढ) लागतो आणि स्वस्त इंटरफेसमध्ये तिथे फुसफूस वाढते. सेनहायझर एमकेएच ४१६ महाग, स्वतःची खरखर १३ डेसिबल, पण आरएफ कंडेन्सर पद्धतीचा असल्याने ओलसर हवेत साधे कंडेन्सर तडतडायला लागतात तेव्हाही तो शांत राहतो. किनाऱ्यावर त्याची किंमत वसूल होण्याचं हेच एक खरं कारण. साधा कंडेन्सर असेल तर काम झाल्यावर स्टँडवर ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात नारिंगी सिलिका जेलच्या पिशवीसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास भाजून पुन्हा वापरा.

पैसे थोडेच असतील तर क्रम असा लावू : आधी खोलीच्या फटी आणि दार, मग वाचणाऱ्याच्या पाठीची आणि डोक्यावरची वुल पॅनेल, मग झाकण, मग भिंती, सगळ्यांत शेवटी माइक. पहिल्या दोन पायऱ्यांनीच ऑक्टोबर ते मेपर्यंतचं बरंचसं काम निघतं. पूर्ण कवच हवं ते पावसाळ्यासाठी. त्याचं काम मार्च-एप्रिलमध्ये काढा, कारण ओल्या हवेत पुट्टी वेळेत सुकत नाही आणि जूनमध्ये फॉल्स सीलिंगवाला फोन उचलत नाही.